गॅट्सबी मराठीत आणताना: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम: एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'चा मराठी अनुवाद, शेवटी टिपा. नऊ प्रकरणं, मूळ मजकूर पन्नास हजार शब्दांच्या आत. अनुवादक दोन, संपादक एक.

हक्कांचं आधी पाहून घेतलं. लेखक २१ डिसेंबर १९४० ला गेला. आपल्याकडे मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजली तरी मुदत केव्हाच संपलेली आहे. अमेरिकेत प्रकाशनापासूनची ९५ वर्षं भरल्यावर १ जानेवारी २०२१ ला पुस्तक खुलं झालं. म्हणून बाजारात दिसेल ती प्रत पुढ्यात घेऊन बसायचं असं नाही. नंतरच्या संपादित आवृत्त्यांतल्या टिपा आणि दुरुस्त्या ज्याच्या त्याच्या मालकीच्या आहेत. आधार धरायचा तो १० एप्रिल १९२५ च्या, स्क्रिबनर्स या मूळ प्रकाशकाच्या पहिल्या छपाईचा. त्याच ऑगस्टमध्ये ३,००० प्रतींची दुसरी छपाई निघाली तेव्हा प्लेटांवर सहा ठिकाणी हात फिरवला होता, तेवढे बदल घ्यायचे. त्यातला एक फार कामाचा आहे. पार्टीच्या वर्णनात आधी 'चॅटर' होतं, ते काढून 'एकोलेलिया' घातलं. दुसऱ्याचं ऐकलेलं जसंच्या तसं बडबडण्याचा हा वैद्यकातला शब्द. 'किलबिलाट' खोडला. 'पोपटपंची' लिहिलं.

१३ जानेवारी

नावं. वरवर सोपं वाटलेलं काम, तीन तास गेले.

नायकाचं जन्मनाव जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी, लेक सुपीरियरवर डॅन कोडी या धनाढ्याची यॉट नांगर टाकताना पाहून तो स्वतःला जे गॅट्सबी म्हणवून घेतो. इंग्रजीत शेवटच्या 'झेड'चा 'एस' होतो आणि पुढे इंग्रज गावाच्या नावासारखं शेपूट लागतं. देवनागरीत 'गॅट्स' लिहिलं तर नुसता 'बी' चिकटवल्यासारखं होतं आणि नाव बदलण्यातली सफाई हरवते. म्हणून बापाचं नाव 'झ'नेच: गॅट्झ. नवव्या प्रकरणात म्हातारा हेन्री गॅट्झ दारात उभा राहतो तेव्हा ते 'झ' वाचकाच्या डोळ्यांत खुपलं पाहिजे.

कथा सांगणारा निक आणि गॅट्सबीची जुनी प्रेयसी डेझी यांचं नातं. मुळात चुलतपणाची दुसरी पायरी आणि वर एका पिढीचा फरक. मराठीत मामे, मावस, आते, चुलत यांतलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि कादंबरी ते सांगत नाही. 'नात्यातली, लांबची' एवढ्यावर भागवलं.

२० जानेवारी

'ओल्ड स्पोर्ट.' गॅट्सबी हे चाळीसहून अधिक वेळा म्हणतो, त्यामुळे इथली चूक चाळीसदा खटकणार.

आजमावलेले शब्द: दोस्त, मित्रा, गड्या, राव, यार. 'राव' कानाला छान लागतो आणि तिथेच फसतो, कारण तो बोलणाऱ्याच्या तोंडात मुरलेला शब्द आहे. गॅट्सबीचा शब्द मुरलेला नाही. तो इंग्रज उमरावी बोलण्यातून उचललेला आहे आणि उचललेला आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. 'गड्या' शेतावर नेतो. 'यार' कॉलेजच्या कट्ट्यावर.

शिवाय एक सक्तीची अट आहे. सातव्या प्रकरणात प्लाझा हॉटेलच्या खोलीत डेझीचा नवरा टॉम हाच शब्द पकडून विचारतो, हे कुठून शिकलास? म्हणजे शब्द असा हवा की तो चिमटीत धरून परत फेकता येईल. 'मित्रवर्य' त्या अटीत बसला. पत्रातला, जरा भरजरी, तोंडी बोलताना किंचित हास्यास्पद. "हे जे सारखं 'मित्रवर्य, मित्रवर्य' चाललंय, ते कुठून उचललंस?" फेकता येतो.

शंका होती ती आठव्या प्रकरणाची. तिथे हसू येऊन चालणार नाही. निरोपाचा प्रसंग मोठ्याने वाचून पाहिला. तोवर वाचकाने शब्द तीस-पस्तीस वेळा ऐकलेला असतो, भरजरीपणा झिजलेला असतो, उरतो तो फक्त एकटेपणा. ठेवला.

२९ जानेवारी

तू आणि तुम्ही. इंग्रजीत हा प्रश्नच नाही; मराठीत तो पहिल्या संवादापासून मानगुटीवर. तक्ता केला.

टॉम आणि डेझी एकमेकांना तू. टॉम गॅरेजवाल्या विल्सनला तू, विल्सन त्याला तुम्ही. बायको कुणाकडे जाते हे त्याला कळत नाही तोवर आणि कळल्यावरही. नोकर गॅट्सबीला 'आपण'.

निक आणि गॅट्सबी साधारण एका वयाचे, शेजारी, एका युद्धात गेलेले. तरी तुम्ही. सैल होऊ द्यायचं नाही असं ठरलं. आठव्या प्रकरणात निक हिरवळीपलीकडून ओरडून सांगतो तिथे, एकदाच, मोडायचं: "सगळी सडकी जमात आहे! त्या सगळ्यांना एका पारड्यात घातलं तरी तू एकटा भारी आहेस." निक स्वतःच म्हणतो की त्याने गॅट्सबीची केलेली ही एकमेव स्तुती. इंग्रजी वाचकाला हे वाक्यावरून कळतं, मराठी वाचकाला एका सर्वनामावरून. हा फायदा आपण होऊन चालत आला आहे, घ्यायचा.

गॅट्सबी आणि डेझी: पाचव्या प्रकरणात पाच वर्षांनी समोरासमोर येतात तेव्हा निकच्या देखत तुम्ही. बंद पडलेलं घड्याळ शेकोटीवरच्या मॅंटलपीसवरून पडता पडता वाचतं, तोवर तुम्हीच. अर्ध्या तासाने निक परत येतो तेव्हा तू. मधलं काहीच सांगितलेलं नाही आणि सांगायची गरज नाही.

८ फेब्रुवारी

पैशांची वही. पुस्तकातला प्रत्येक आकडा वेगळा काढून लिहिला. रुपयांत करायचं नाही, आजच्या डॉलरांतही नाही. तसं केलं की वाचक कादंबरी सोडून महागाईचा हिशोब मांडत बसतो. मापाला गज पुस्तकातलाच घेतला: निकच्या बंगलीचं भाडं, महिना ८० डॉलर.

निकच्या दोन्ही बाजूंच्या हवेल्यांचं भाडं एका हंगामाला बारा ते पंधरा हजार. म्हणजे निकचं साडेबारा ते साडेपंधरा वर्षांचं भाडं, एका उन्हाळ्यात.

पार्टीत खुर्चीला अडकून फाटलेल्या गाऊनच्या बदली गॅट्सबी अनोळखी मुलीला नवा पाठवतो, २६५ डॉलरचा. तीन महिने आणि वर थोडे दिवस. रंग 'गॅस ब्लू', म्हणजे गॅसच्या ज्योतीचा निळा, त्यावर जांभळट मणी. छातीत सैल होतो, उसवून बेतावा लागतो. हा तपशील गाळू नये. अंदाजाने दिलेली भेट मापात बसत नाही.

विल्सनच्या बायकोला, मर्टलला, टॉम घेऊन देतो ते कुत्र्याचं पिल्लू १० डॉलर. चार दिवसही नाहीत.

कोडीने गॅट्सबीला ठेवलेले आणि कधीच हाती न आलेले २५,०००. सव्वीस वर्षं.

लग्नाच्या आदल्या दिवशी टॉमने डेझीला दिलेली मोत्यांची माळ ३,५०,०००. तीनशे चौसष्ट वर्षं आणि सात महिने.

वही पूर्ण झाल्यावर एक गोष्ट नजरेत भरली. गॅट्सबी डेझीला जे जे दाखवतो त्याला आकडा नाही. घराला नाही, शर्टांना नाही. घराचे पैसे कमवायला तीन वर्षं लागली एवढं तो बोलून जातो. टॉमच्या प्रेमाला किंमतीची चिठ्ठी आहे, गॅट्सबीच्या प्रेमाला नाही, आणि पैसा मात्र दोघांचाही आहे. अनुवादात कुठेही 'लाखमोलाचे' वगैरे भर घालायची नाही. आकडा नसेल तिथे तो नसूच द्यायचा.

जाता जाता: 'मिलियनेअर'ला लक्षाधीश की कोट्यधीश? दहा लाख डॉलर म्हणजे अक्षरशः दशलक्षाधीश, पण असं कुणी म्हणत नाही. 'लक्षाधीश' आजच्या कानाला किरकोळ वाटतो, तरी काळाला तोच धरून आहे.

१५ फेब्रुवारी

सहाव्या प्रकरणात टॉम म्हणतो की हे नवे श्रीमंत बहुतेक चोरटी दारू विकणारेच असतात. संदर्भ अमेरिकेतल्या दारूबंदीचा: अंमल १७ जानेवारी १९२० पासून, शेवट ५ डिसेंबर १९३३. टॉमच्या चौकशीतून पुढे कळतं की गॅट्सबी आणि त्याचा जुगारी भागीदार वुल्फशाइम यांनी न्यूयॉर्क-शिकागोच्या आडगल्ल्यांतली औषधांची दुकानं विकत घेऊन तिथून धान्यापासून काढलेलं अल्कोहोल विकलं. औषधांचं दुकान का, हे टिपेत एका ओळीत: दारूबंदीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की कायदेशीर मिळत असे, त्यामुळे काउंटर, बाटल्या आणि गिऱ्हाईक तिथे आधीच होतं. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आणि 'परमिट' माहीत असलेल्या वाचकाला याहून जास्त समजवायला नको. 'हातभट्टी' शब्द वापरायचा नाही, त्यातून येणारा वास वेगळ्या वस्तीचा आहे.

"नव्यानेच माया जमवलेली ही मंडळी" असं पहिल्या खर्ड्यात सहज उतरलं. ते वाक्य बाजूला काढून ठेवलं.

१७ फेब्रुवारी

माया. दोन दिवस याच शब्दावर.

माया म्हणजे भ्रम. माया म्हणजे जीव लावणं. माया म्हणजे जमवलेला पैसा, आणि तोही शक्यतो सरळ मार्गाने नसलेला. पगारातून साठवलेल्याला कुणी 'माया जमवली' म्हणत नाही. प्रेम, पैसा आणि भास या तिन्हींना एकच शब्द असलेल्या भाषेत हे पुस्तक येतं आहे. (चौथा अर्थ शिंप्यांचा: शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, पुढे सैल करता यावं म्हणून. वरच्या गाऊनला तिचा उपयोग नव्हता, तो आधीच सैल होता.)

मोह झाला की शीर्षकच 'माया' करावं. केलं नाही. शीर्षकात घातला की वाचक पहिल्या पानापासून वेदान्त शोधायला लागणार, आणि तिथली माया सगळ्या जगाची असते. इथली एका माणसाने हाताने रचलेली आहे.

कुठे वापरायचा ते नेमकं सापडलं, पाचव्या प्रकरणाच्या शेवटी. इतक्या वर्षांनी डेझी समोर बसलेली आहे आणि त्या दुपारीही ती त्याच्या स्वप्नाला काही क्षण कमी पडली असणार, असं निक म्हणतो. इथे 'भ्रम' टाकला की गॅट्सबी रुग्ण होतो. 'आभास' फारच पातळ. 'मृगजळ' त्याच्या हातचं नाही, ते उन्हाचं असतं. याने तर स्वतः घडवलंय. खर्डा असा झाला:

"दोष तिचा नव्हता, त्याने रचलेल्या मायेतच इतका अफाट जीव होता. ती माया डेझीच्या पलीकडे गेली होती, सगळ्याच्या पलीकडे. तो स्वतःला विसरून तिच्यात भर घालत राहिला, वाऱ्यावर येईल ते प्रत्येक रंगीत पीस तिच्यात खोचत राहिला."

'रचलेल्या' नसेल तर वाचक आईची माया वाचतो. एका सहकाऱ्याने तसंच वाचलं, म्हणून ते आलं. दुसरी अडचण 'तिच्यात' ही: माया स्त्रीलिंगी, डेझीही स्त्रीलिंगी, पिसं कुणात खोचली? आधी सर्वनाम बदलून नाम लिहिलं. मग परत सर्वनामच ठेवलं. गोंधळ मुळातच गॅट्सबीचा आहे.

आणि बाजूला काढलेलं टॉमचं वाक्य परत लावलं. पाचव्यात एक, सहाव्यात एक. बाकी पुस्तकभर हा शब्द बंद, तोंडावर आला तरी.

'मयसभा' सुचवली होती हवेलीसाठी. नको. मिडवेस्टातून आलेल्या निकच्या तोंडी महाभारत येऊ शकत नाही.

२६ फेब्रुवारी

भारताचा धागा मुळातच असलेल्या दोन जागा.

एक, चौथ्या प्रकरणात गॅट्सबी आपला बनावट इतिहास सांगतो: युरोपातल्या राजधान्यांतून तरुण 'राजा'सारखा राहिलो, माणकं जमवली, शिकारी केल्या. मराठीत 'राजा' लिहिलं की परीकथा होते. कादंबरीतल्या १९२२ च्या अमेरिकन डोळ्यांपुढे होते ते पॅरिसमध्ये पैसे उधळणारे हिंदी संस्थानिक. "एखाद्या तरुण संस्थानिकासारखा" लिहिलं आणि थाप लगेच थाप वाटू लागली. पुढे निकला मनात दिसतो तो फेटेवाला भुसा भरलेला बाहुला, पॅरिसच्या बागेत वाघामागे धावताना अंगाच्या छिद्राछिद्रातून भुसा गळतोय. संस्थानिकानंतर ते चित्र आपसूक बसतं.

दोन, शर्टांवरची अक्षरं 'इंडियन ब्लू' रंगाची. 'भारतीय निळा' हे पाटीवरचं भाषांतर झालं असतं. "निळीच्या रंगात विणलेली आद्याक्षरं." नीळ घरोघर कपड्यांनाच लागायची, त्यामुळे शब्द शर्टांशेजारी शोभतो.

४ मार्च

तिसऱ्या प्रकरणातलं ग्रंथालय. घुबडासारख्या चष्म्याचा माणूस चकित होतो की पुस्तकं खरी आहेत, पुठ्ठ्याची नाहीत, आणि यजमानाला कुठे थांबायचं तेही कळतं: पानं कापलेली नाहीत. पहिल्या खर्ड्यात "पानं फाडलेली नाहीत" असं आलं होतं, म्हणजे पार उलटं; वाचकाला वाटेल की पाहुणे पानं फाडतात. मोठा कागद घड्या घालून फर्मा होतो, बांधणीनंतर कडा छाटल्या नाहीत तर घड्या मिटलेल्याच राहतात आणि वाचणाऱ्याला सुरीने त्या उघडाव्या लागतात. "फर्म्याच्या घड्यासुद्धा न कापलेल्या." छापखान्याशी संबंध नसलेल्यांसाठी टीप. पुस्तकं खरी, वाचलेलं एकही नाही.

१२ मार्च

राखेचा प्रदेश. गॅट्सबी राहतो ते वेस्ट एग आणि न्यूयॉर्क यांच्या साधारण मध्यावर. प्रत्यक्षात क्वीन्समधलं कोरोना: ब्रुकलिनच्या घराघरांतल्या कोळशाच्या भट्ट्यांची राख तिथे आणून टाकत, नंतर तीच जागा सपाट करून १९३९ चा जागतिक मेळा भरवला. विदर्भात औष्णिक केंद्राच्या राखेला 'राखड' म्हणतात. शब्द नेमका आणि मोह मोठा, पण वाचक थेट कोराडीला पोचेल. 'राख'च. 'दरी' नको, जागा सपाट आहे. 'राखेचं खोरं', कारण लगेच पुढे राख गव्हासारखी उगवते आणि खोऱ्यात पीक शोभतं.

डॉ. टी. जे. एकलबर्गच्या जाहिरातीतल्या डोळ्यांचे 'रेटिना' एक यार्ड उंच आहेत. रेटिना म्हणजे दृष्टिपटल, ते डोळ्याच्या आत मागे असतं, बाहेरून दिसत नाही. लेखकाला बुबुळं म्हणायची होती हे उघड आहे. इथे 'बुबुळं' लिहिलं, टिपेत मूळ चूक नोंदवली. या पुस्तकात आम्ही दुरुस्त केलेली ही एकच चूक, कारण दृष्टिपटल ठेवलं असतं तर दोष अनुवादकाच्या माथी आला असता. भित्रेपणा आहे, मान्य.

१९ मार्च

न दुरुस्त केलेल्या.

डेझीचं लग्न जून १९१९, मुलगी पुढच्या एप्रिलमध्ये. १९२२ च्या उन्हाळ्यात ती सव्वादोन वर्षांची हवी. डेझी सांगते तीन. तसंच ठेवलं.

अपघाताची गाडी, म्हणजे मर्टल जिच्याखाली मरते ती गॅट्सबीची गाडी. निकने आधी वर्णन केलीय ती गडद साईच्या रंगाची, निकेलने झगमगणारी. अपघातानंतर साक्षीदार तिला पिवळी म्हणतो, आणि शेजारचा कॉफीवाला मायकेलिस पहिल्या पोलिसाला सांगतो फिक्कट हिरवी. ही विसंगती चूक नाही, ती मुद्दाम आहे. पण संपादनाच्या पहिल्या फेरीत तिन्ही ठिकाणी 'पिवळी' करून एकवाक्यता आणली गेली होती. परत तीन रंग केले. समासात लाल शाईत सूचना लिहिली: रंग जुळवू नयेत.

२ एप्रिल

आठवं प्रकरण आधी घेतलं, सातव्याला हात लावायचं धैर्य नव्हतं.

गॅट्सबीला डेझी ही आयुष्यात भेटलेली पहिली 'नाइस' मुलगी. शब्द मुळातच अवतरणात. 'छान', 'गोड', 'चांगली' सगळं पोकळ. "चांगल्या घरातली" लिहिल्याबरोबर बसलं. लग्नाच्या बोलण्यांत आपण हे म्हणतो तेव्हा घर, पैसा, जात, वागणूक असं सगळं एका दमात म्हणतो आणि कुणीच खुलासा मागत नाही. अवतरणचिन्हं ठेवली.

त्याच पानावर त्याच्या अंगावर लष्करी गणवेश आहे, ज्यामुळे तो कोण, कुठला, खिशात काय, हे झाकलं गेलंय. आपण तिच्याच थरातले आहोत असं तो तिला वाटू देतो. इंग्रजीतला शब्द कायद्यातला आहे, खोट्या बतावणीने मिळवण्याचा. "खोट्या बतावणीने" असंच ठेवलं, फिर्यादीच्या भाषेत. मऊ केलं की प्रेमकथा होते.

प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यातला शब्द 'होलोकॉस्ट'. १९२५ मध्ये त्याला आजचा, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, अर्थ चिकटलेला नव्हता. मूळ ग्रीक अर्थ, पूर्ण जाळलेला बळी. मराठीत 'पूर्णाहुती' इतका तंतोतंत की भीती वाटावी. विरोधी मत: होमकुंड, तूप, मंत्र हे सगळं गॅट्सबी मारला जातो त्या पोहण्याच्या तलावाशेजारी येऊन बसतं. मतं दोन विरुद्ध एक. सध्या "आहुती पूर्ण झाली".

१४ एप्रिल

सातवं. प्लाझा.

आधी आवाजाचं वाक्य. डेझीच्या आवाजात काय आहे हे निकला सापडत नाही, गॅट्सबी सांगून टाकतो: तिचा आवाज पैशाने भरलेला आहे. "पैशाने भरलेला" म्हणजे मराठीत गल्ला. "तिच्या आवाजात पैसा खणखणतो" हे सुचतं, पण ती खणखण पुढच्या वाक्यात निकची आहे, झांजांच्या नादासह. गॅट्सबीने ती आधीच वाजवली तर निकला करायला काही उरत नाही. "तिच्या आवाजात पैसा आहे." चार शब्द. बोथट वाटतात, बोलणारा तसाच बोलतो.

टॉमचं वाक्य, 'मिस्टर नोबडी फ्रॉम नोव्हेअर'. यासाठी 'उपटसुंभ' जणू तयारच ठेवला होता. सापळा वाक्याच्या दुसऱ्या भागात आहे: तिथल्या 'मेक लव्ह'चा १९२२ मधला अर्थ प्रियाराधन करणं, मागे लागणं, एवढाच. आजच्या अर्थाने घेतलं तर टॉम बायकोवर चारचौघांत वेगळाच आरोप करतो. "म्हणजे आता नवी रीत अशी दिसते, की स्वस्थ बसायचं आणि कुठल्यातरी श्रीयुत उपटसुंभाला आपल्या बायकोच्या मागे लागू द्यायचं."

आणि मग ते एक अव्यय. गॅट्सबीला हवंय की डेझीने टॉमला सांगावं, तुझ्यावर माझं प्रेम कधीच नव्हतं. ती म्हणते, त्याच्यावर एकेकाळी होतं, पण तुझ्यावरही होतं. गॅट्सबी फक्त तेवढंच उचलतो. पाच वर्षांचं सगळं बांधकाम इंग्रजीत 'टू' ('देखील') या शब्दावर कोसळतं.

मराठीत 'ही' हा प्रत्यय. "माझ्यावरही?" छापील पानावर त्याला जोर देता येत नाही, तो मागच्या शब्दाला चिकटलेला, डोळा सरकून जातो. तिरपा टाइप केला तर देवनागरीत तो छपाईचा दोष वाटतो. 'पण' घेतला तर "माझ्यावर पण?", बोलीला छान, पण क्षणभर वाचक 'परंतु' वाचून वाक्य पूर्ण व्हायची वाट बघतो. 'सुद्धा'ला दोन अक्षरं आहेत, जोडाक्षराने जीभ अडते, जोर आपोआप पडतो.

"त्याच्यावर होतं माझं प्रेम, एकेकाळी होतं. पण तुझ्यावरसुद्धा होतं."
गॅट्सबीचे डोळे उघडले, मिटले.
"माझ्यावर सुद्धा होतं?"

दुसऱ्यांदा 'सुद्धा' तोडून लिहिलं. शुद्धलेखनाच्या दृष्टीने चूक. समासात पुन्हा लाल शाई.

५ मे

नववं. टॉम-डेझीबद्दलचा निकाल: 'केअरलेस'. 'निष्काळजी' म्हणजे गॅस बंद करायला विसरणारा. 'बेपर्वा'ला पाठीशी पैसा लागतो. बेपर्वा. त्यांनी वस्तू आणि जीव मोडले आणि "परत आपल्या पैशात जाऊन बसले". 'पैशांच्या आड' असं सुचवलं गेलं होतं, पण आड म्हणजे लपणं झालं, इथे ते घरी जातात.

गॅट्सबीचा बाप दाखवतो ते मुलाचं लहानपणीचं वेळापत्रक, हॉपलॉंग कॅसिडी या काउबॉयच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर, तारीख १२ सप्टेंबर १९०६. त्या नावाचं पुस्तक १९१० मध्ये निघालं. टीप दिली, तारीख तशीच. सहाला उठणं, सव्वासहाला डंबेल्स, सव्वासात ते सव्वाआठ वीज वगैरेचा अभ्यास, संध्याकाळी पाच ते सहा वक्तृत्व आणि ऐट. एक दिवसाआड अंघोळ, यावर मराठी वाचक हसणार; हसू दे. आठवड्याला ५ डॉलर शिल्लक, ते खोडून ३. त्या ३ डॉलरांनी मोत्यांची माळ घ्यायला २,२४३ वर्षं लागतात. हे टिपेत घातलं होतं, काढलं. वहीतच राहू दे.

मुलगा 'स्मोकिंग' चुकीचं लिहितो, मधे एक जादा 'ई'. मराठीत चूक कशी करायची? अवघड शब्द मोडणं खोटं दिसतं. शाळकरी मुलगा जी चूक खरंच करतो तीच हवी: "धुम्रपान व तंबाखु बंद". धू आणि खू, दोन्ही दीर्घ हवेत, दोन्ही ऱ्हस्व केले.

२० मे

शेवटचं पान. 'ऑरगॅस्टिक' भविष्यकाळ. टीकाकार एडमंड विल्सनने १९४१ च्या आवृत्तीत त्याचं 'ऑरजिॲस्टिक' करून टाकलं आणि कित्येक वर्षं तेच छापलं गेलं, म्हणजे शरीरसुखाच्या शिखराऐवजी धिंगाणा. फिट्झजेराल्डने संपादक मॅक्सवेल पर्किन्सला आपला शब्द मुद्दाम वापरल्याचं कळवलं होतं. 'उन्मादक' विल्सनच्या बाजूला झुकतो. "सुखाच्या टोकाला नेणारा तो भविष्यकाळ, वर्षागणिक मागे सरणारा."

शेवटचं वाक्य. इंग्रजी 'भूतकाळ' या शब्दावर थांबतं, मराठी क्रियापदावर थांबू पाहते. पहिले तीन खर्डे "...लोटले जातो" वर संपले आणि तिन्ही व्याकरणाच्या उदाहरणासारखे वाटले. 'भूतकाळ'ही शाळेतला. चौथा: "आणि आपण वल्ही मारत राहतो, प्रवाहाच्या उलट, आणि प्रवाह आपल्याला नेत राहतो मागे, सतत मागे, गेल्या काळात."

'वल्ही'वर आक्षेप नोंदवला गेला: मूळ क्रियापदात शिडाच्या बोटीने वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाणंही आहे. बरोबर आहे. पण त्या अर्थाला खलाशाबाहेर कुणालाही कळेल असं क्रियापद हाती नाही. वल्ही राहिली.

११ जून

मुद्रितं, पहिली फेरी. 'सुद्धा' जोडून आला. तोडला. गाडी सगळीकडे साईच्या रंगाची. परत तीन रंग. 'पूर्णाहुती' की 'आहुती पूर्ण', अजून दोन विरुद्ध एक, आता बाजू बदललेली.

२४ जून

दुसरी फेरी. 'मित्रवर्य' चौदा ठिकाणी 'मित्रा' झालेला. शोधून बदलला. 'धुम्रपान' सुधारून 'धूम्रपान' झालंय. परत बिघडवलं.

३ जुलै

तिसरी फेरी. बाकी स्वच्छ. 'धुम्रपान' पुन्हा सुधारलं गेलंय, या वेळी 'तंबाखू'सकट. दोन्ही पुन्हा ऱ्हस्व केले, पानाच्या माथ्यावर लिहिलं: मुलाची चूक आहे, राहू द्या.